उस्ताद आणि पाचवा आकडा

मंगळवारी सकाळी सव्वादहाला मी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून उस्तादांना फोन लावला. शाळेत वीज येऊन तास झाला होता आणि इंटरनेट लागलं नव्हतं. फोन त्यांच्या मुलीनं, शबानानं उचलला. ती म्हणाली, "बाई, अब्बा पहाटे गेले." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग पुन्हा लावला.

दुपारच्या नमाजानंतर त्यांना कब्रस्तानात नेलं. बायकांनी तिकडं जायचं नसतं, म्हणून मी त्यांच्या बायकोजवळ बसून राहिले. समोरच्या भिंतीवर त्यांनीच लावलेली इंटरनेटची पेटी होती. तिचे दिवे लागलेले होते.

दिव्यांवर उस्तादांचा विश्वास नव्हता.

कुणी काही नवीन सांगितलं की ते आधी हातातला चहा संपवायचे. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे, सांगणाऱ्याकडं नीट बघून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं. आन् पलीकडचा?"

एवढंच. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या एका प्रश्नामुळं सभेतला चहा गार होतो. नसेल तर तुमच्या गावाची काळजी वाटते.

शिरूर कासारच्या अलीकडं, डोंगराच्या खोबणीत आमचं गाव आहे. उस्तादांचे वडील तिथं रेडिओ दुरुस्त करायचे. मग उस्तादांनी टीव्ही दुरुस्त केले, छतांवर डिशच्या छत्र्या बसवल्या, गल्लीगल्लीतून केबल ओढली आणि शेवटी त्याच खांबांवरून इंटरनेट आणलं. काम बदलत गेलं, रीत एकच राहिली. वायर जोडली की ते दारात उकिडवे बसायचे आणि घरच्यांना सांगायचे, कुणाला तरी लावा, बोला. समोरून आवाज आला की पक्कड पिशवीत टाकायची. तोवर नाही.

एकदा पाटलांच्या घरी जोडणी झाली. पाटील पेटीकडं बोट दाखवून म्हणाले, "चालू झालं की उस्ताद. सगळे दिवे लागलेत."

"दिवे तर लग्नाच्या मांडवात बी लागत्यात, पाटील. पलीकडचा बोलला का?"

शबानासाठी परभणीकडचं स्थळ आलं तेव्हाची गोष्ट तर मोहल्ल्यात अजून सांगतात. मुलगा शिकलेला, घर मोठं, दोन्हीकडचे मामू, खालू, फुफू सगळे राजी. मिठाईचा डबा उघडायचा तेवढा बाकी होता. उस्तादांनी चष्मा पुसला. म्हणाले, "बरं. आन् पलीकडची?" आतल्या खोलीत शबाना होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर ती नाही म्हणाली. डबा तसाच परत गेला आणि नातेवाईक वर्षभर उस्तादांशी बोलले नाहीत. उस्ताद म्हणत, त्या वर्षी घरात लई शांतता हुती.

मी या गावच्या शाळेत मुख्याध्यापिका. दिवाळीनंतर आमचं निम्मं गाव ऊस तोडायला जातं. आईबाप टोळीबरोबर पश्चिमेकडच्या कारखान्यांवर, आणि मुलं शाळेच्या हंगामी वसतिगृहात. शाळा खोलगटात असल्यानं मोबाइलची रेंज नाही. ती हवी असेल तर पाण्याच्या टाकीची शिडी चढावी लागते. म्हणून उस्तादांनी शाळेपर्यंत वायर ओढली आणि रोज संध्याकाळी सहाला मुलं संगणकाच्या पडद्यावर आईबापांना बघू लागली. तिकडं टोळीच्या मुकादमाच्या मोबाइलसमोर रांग, इकडं माझ्या टेबलासमोर रांग. एकेकाला तीन मिनिटं.

मी इतिहासाची बाई. इंटरनेटचा पत्ता म्हणजे काय ते मला पुस्तकातून कळलं नाही, उस्तादांकडून कळलं. प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, चार आकडे आणि मधे टिंबं. हे पत्ते ज्यांनी काढले त्यांना वाटलं होतं, एवढे कधी संपायचे नाहीत. ते संपले.

"मग आपल्या गावाला पुरले कसे?" मी विचारलं.

"पुरले कुठं? बाई, टोळी कारखान्यावर जाती का न्हाई? कारखान्याला टोळीतला एक बी माणूस ठाऊक नसतो. त्यांना ठाऊक फकस्त मुकादम. निरोप आला की मुकादमाकडं येतो, मग तो बघतो कोणत्या कोपीतल्या, कोणत्या झोपडीतल्या माणसाचा हाय. तसंच. जगाच्या लेखी आपल्या गावाला एकच पत्ता. आतली समदी घरं माझ्या मागं. मी मुकादम."

"हे चांगलं की वाईट?"

"मुकादम कवा चांगला असतो का, बाई?"

मग त्यांनी सांगितलं की यावर खरा इलाज केव्हाच निघालाय. नवे पत्ते आलेत, लांबलचक, आकड्यांत अक्षरं मिसळलेली, कधी संपणार नाहीत इतके. फक्त जगातली सगळी यंत्रं ते शिकायला वेळ लागतोय. तोवर जुना आणि नवा दोन्ही पत्ते शेजारी शेजारी ठेवायचे, ज्याला जो कळतो त्यानं तो वापरायचा. शाळेत त्यांनी तसंच करून ठेवलं होतं. "माझी आई दखनीत बोलायची, गिऱ्हाईक मराठीत. दुकान चाललंच की. कुणी कुणाची जबान तोडली न्हाई."

एवढं सोपं होतं ते. म्हणजे गावाला पटण्यासारखं नव्हतं.

आमच्या गावचे एक नेते आहेत. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांचे जावई इंजिनिअर. सासुरवाडीला आले की त्यांना गावाचं काहीतरी कल्याण करावंसं वाटे. आदल्या वर्षी त्यांनी शाळेच्या आवारात वाऱ्यावर चालणारा पंप उभारला होता. आमच्याकडं वारा नाही हे नंतर कळलं. तर ते जावईबापू दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आले ते एक योजना घेऊन. शाळेच्या सभागृहात सभा झाली. फेटे झाले, नारळ झाला, दीपप्रज्वलनाची समई तीनदा विझली, आणि जावईबापू पडद्यावर संगणकातली चित्रं लावून बोलायला उभे राहिले.

"जगाचे पत्ते संपले आहेत," ते म्हणाले. लोक गंभीर झाले. "मोठमोठ्या देशांनी हात टेकले आहेत. पण उत्तर अगदी साधं आहे. टेलिफोन नंबर आधी किती आकडी होते, नंतर किती झाले? एक आकडा वाढवला की झालं! आपण चार आकड्यांच्या पुढं पाचवा आकडा लावणार. प्रत्येक घराला स्वतःचा, कायमचा विश्वपत्ता. जुनी यंत्रं तशीच चालतील. काहीही बदलायचं नाही. जगातलं पहिलं गाव आपलं!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पहिलं गाव म्हटल्यावर हात आपोआप वर येतात.

मागच्या बाकावर उस्ताद होते. त्यांनी कप खाली ठेवला. मला दिसलं, चष्मा निघाला.

"साहेब, नवीन पत्ते तर कवाच आलेत. शाळेत लावलेत बी."

"ते फार अवघड आहेत, उस्ताद. अक्षरं असतात त्यात. आपल्या लोकांच्या लक्षात राहणार नाहीत."

"लोकांना जुना तरी कुठं पाठ हाय?"

लोक हसले. जावईबापूही हसले, जरा उशिरा.

"बरं, पाचवा आकडा लावला," उस्ताद म्हणाले. "आन् पलीकडचा?"

"पलीकडचं यंत्र तो समजून घेईल."

"कावून?"

या एका 'का'ला जावईबापूंच्या संगणकात चित्र नव्हतं. उस्तादच पुढं बोलले. "साहेब, टपालाच्या पाकिटावर पिनकोडाचे चौकोन छापलेले असत्यात. तसं इथं बी पत्त्याला जागा ठरलेली हाय. चार आकड्यांची. तुमी पाचवा लिवणार कुठं? डिंकाच्या पट्टीवर? आपल्या इथं वाचतील, कारण पेट्या तुमच्या. गावाच्या येशीबाहेर पयल्या यंत्रानं पाकीट बघितलं की ते म्हणणार, हे काय माझ्या ओळखीचं न्हाई, आन् टाकून देणार. रागानं न्हाई. त्याला कळतच न्हाई."

"बस की बे उस्ताद," किराणावाले शेटजी ओरडले. ते त्यांचे लहानपणचे सोबती. "रेडिओचा जमाना गेला आता!"

उस्ताद बसले.

पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक झालं. पडद्यावर बंगळुरूचे एक तज्ज्ञ दिसत होते, मागं उंच इमारतींचं चित्र. पाच आकड्यांच्या पत्त्यावरून ते आमच्याशी थेट बोलत होते आणि जावईबापू आम्हाला ते इंग्रजीतून मराठीत सांगत होते. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यानं भंगारवाल्याचा टेम्पो गेला. भोंग्यावरची ती टेप तुम्ही ऐकली असेल. जुनी सायकल, जुनी बॅटरी, फुटका कूलर. आधी ती आम्हाला खिडकीतून ऐकू आली. मग क्षणभरानं बंगळुरूहून.

सभागृहातल्या माना खिडकीकडं वळल्या. तज्ज्ञांनी मागं वळून पाहिलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "बंगलोरात बी मराठीतच भंगार घेत्यात वाटतं."

तज्ज्ञ समोरच, आबांच्या बंगल्यातल्या माडीवर बसले होते. जावईबापू मुळीच गडबडले नाहीत, हे त्यांच्याविषयी सांगायला हवं. ते म्हणाले, "ही प्राथमिक चाचणी आहे. दोन्ही टोकं जवळ ठेवावी लागतात. पण तत्त्व सिद्ध झालं." आबांनी मान डोलावली. तत्त्व सिद्ध झाल्यावर लाडू वाटले.

मग पाट्या आल्या. मांजरसुंब्याला ट्रॅव्हल्सवाल्यानं खोकी उतरवली, तिथून जीपनं गावात. पत्र्याच्या पाट्या, निळ्या रंगाच्या, वर आबांचा हात जोडलेला फोटो, खाली जावईबापूंचा हात न जोडलेला फोटो, आणि मधे पाच आकडे. पत्ता यंत्राला असतो, दाराला नाही, हे उस्तादांनी सांगून पाहिलं. पण पाटी नसलेली योजना आमच्याकडं योजना धरत नाहीत. दोन दिवस गावात हातोड्यांचा आवाज चालला होता. निम्मी घरं बंद होती, माणसं उसाच्या फडात. कार्यकर्त्यांनी कुलुपांच्या वर पाट्या ठोकल्या. ज्यांना कायमचा पत्ता मिळाला, ते तिथं वर्षातले सहा महिने नसत.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं, आणि मी हसतही होते. मग जावईबापू माझ्याकडं आले. उद्घाटन शाळेपासून करायचं, मुलं फोटोत चांगली दिसतात. शाळेची जोडणी पाचव्या आकड्यावर न्यायला मुख्याध्यापिकेची संमती हवी. जाता जाता ते म्हणाले की शाळेच्या वाचनालयाला काचेची दोन कपाटं द्यायचं आबांच्या मनात आहे. आमची पुस्तकं तेव्हा खताच्या पोत्यांत होती. उंदीर इतिहासापासून सुरुवात करत.

मी सही केली.

उस्ताद त्याच दिवशी पंचायतीत गेले होते. त्यांनी एकच गोष्ट मागितली. गाव न्या कुठं न्यायचं तिकडं, शाळेची वायर तेवढी जुन्यावर राहू द्या. सरपंचांनी माझ्या सहीचा कागद त्यांच्यापुढं सरकवला. खांब पंचायतीचे होते, यंत्रांची खोलीही पंचायतीची. उस्तादांचं होतं ते फक्त डोकं, आणि त्याची कुणाला गरज नव्हती. त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. वीस वर्षं ती त्यांच्या कमरेला होती.

येताना ते शाळेवरून आले. दारात उभे राहिले. "बाई, तुमी बी?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता गेले. दुसऱ्या दिवसापासून ते वडिलांच्या दुकानात बसून मिक्सर दुरुस्त करू लागले.

वसतिगृहात मंदा नावाची मुलगी होती, चौथीतली. महिन्याभरापूर्वी फडात तिच्या आईच्या पायावर कोयता बसला होता. मंदाच्या तीन मिनिटांत बोलणं थोडं असे. ती म्हणायची, "पाय दाखव." आई मोबाइल खाली नेऊन पट्टी बांधलेला पाय दाखवायची. मंदा तो नीट बघायची, कालच्यापेक्षा सूज कमी आहे का ते ठरवायची आणि मग जेवायला जायची. मी सही केली त्या दिवशी तो पाय निम्माच बरा झाला होता.

उद्घाटन संध्याकाळी पाचला झालं. आबांनी कळ दाबली. पडद्यावर पंचायत दिसली, पंचायतीच्या पडद्यावर आबांचा बंगला, बंगल्याच्या पडद्यावर आम्ही. सगळ्यांनी एकमेकांना हात केले. आबा म्हणाले, आज आपलं गाव जगाला जोडलं गेलं. सहा वाजता पाहुणे गेले, मुलांनी रांग लावली आणि मी मुकादमाला लावलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला.

सव्वासहा. साडेसहा. पंचायत दिसत होती. तिथं शिपाई खुर्च्या गोळा करत होता. आख्खं गाव आम्हाला स्वच्छ दिसत होतं. गावाबाहेरचं काहीच दिसत नव्हतं.

"बाई, पाय?" मंदानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना टाकीपाशी नेलं. शिडीच्या सातव्या पायरीवर माझ्या मोबाइलला रेंज आली. तुटका तुटका आवाज गेला, चित्र गेलं नाही. मंदाची आई तिकडून ओरडून सांगत होती की पाय बरा हाय. मंदानं मोबाइल मला परत दिला. "आवाजात पाय दिसत न्हाई," ती म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशीही जेवायला बसवावं लागलं.

मी जावईबापूंकडं गेले. ते शांत होते. म्हणाले, "आपल्या बाजूनं सगळं बरोबर आहे, मॅडम. आता समोरच्यांनी सुधारायला हवं." त्यासाठी त्यांनी पावलंही उचलली होती. जगातल्या मोबाइल कंपन्यांनी आणि यंत्रं बनवणाऱ्यांनी पाचवा आकडा त्वरित वाचावा, असं एक पत्र त्यांनी तयार केलं होतं, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, सरपंचांच्या सहीनं, जावक क्रमांक टाकून. प्रत माहितीसाठी तहसीलला. पत्र ईमेलनं पाठवायचं होतं. ते गावातून बाहेर जाईना. शेवटी शिपाई ते बीडला नेऊन टपालात टाकून आला. जगाचं उत्तर अजून आलेलं नाही.

मग मी दुकानात गेले. उस्ताद एका मिक्सरच्या भांड्याला पातं बसवत होते. माफी कशी मागायची याची वाक्यं मी रस्ताभर जुळवली होती. त्यांनी ती मला बोलू दिली नाहीत.

"मंदा जेवती का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

पातं बाजूला ठेवून ते उठले.

पाचव्या दिवशी दुपारी ते शाळेच्या छतावर होते. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, शिडीवर प्रत्येक पायरीला अल्लाचं नाव आणि सरपंचाचं नाव आळीपाळीनं घेत वर गेला. शबाना खालून सामान देत होती. डोंगरापलीकडच्या गावात त्यांचा एक जुना दोस्त होता, तोही आधी रेडिओवाला आणि आता इंटरनेटवाला. त्याच्या डोंगरमाथ्यावरच्या टॉवरवरून आमच्या छतावर हवेतून लाइन घ्यायची, आपल्या गावाच्या वायरीला हातही न लावता. एक खांब, एक डिश, एक पेटी. डिश इंचाइंचानं फिरवत उस्ताद फोनवर दोस्ताशी बोलत होते. छतावर रेंज यायची आणि जायची, म्हणून बोलणं म्हणजे ओरडणंच होतं.

"अबे दिसतोय का मी तुला? आता? ... अबे डावीकडं म्हंजे माझ्या डावीकडं का तुझ्या? ... चाळीस वर्षं झाली, तुला डावा हात कळंना!"

ऊन उतरलं. पेटीचे दिवे लागले. खाली अंगणात मुलांनी टाळ्या वाजवल्या. वरून उस्ताद खेकसले, "टाळ्या नकात! अजून कुणी बोललं न्हाई!"

सहा वाजता मी लावलं. गोल फिरला, एकदा, दोनदा. आणि मुकादमाचा चेहरा आला, फार मोठा, फार जवळ, आणि त्याच्या मागं रांग.

त्या दिवशी मंदाला आम्ही सगळ्यात पुढं सोडलं. आई मोबाइल खाली घेऊन गेली. पट्टी नव्हती. पायावर एक लाल रेघ होती आणि पायाच्या अंगठ्याला चिखल. मंदा बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "धूत जा की गं पाय."

उस्ताद पडद्यासमोर आले नाहीत. बायामाणसं बोलत असतात, आपण बघू नये, असं त्यांचं असे. ते बाहेरच्या पायरीवर पाठ करून बसले होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी न वळता विचारलं, "बोलली का पलीकडची?"

"बोलली."

"पाय?"

"बरा आहे."

त्यांनी चष्मा काढला. या वेळी काच पुसून झाली तरी ते बराच वेळ पुसत होते.

गाव मात्र आणखी काही दिवस स्वतःकडंच बघत बसलं. शेवटी आबांच्या नातीच्या वाढदिवसाला परदेशातून येणारा फोन लागला नाही, तेव्हा पाचवा आकडा निघाला. सभा झाली नाही. एका सकाळी उस्तादांच्या दुकानाच्या कडीला यंत्रांच्या खोलीची किल्ली लटकत होती, सुतळीनं बांधलेली. त्यांनी ती सोडवली, कमरेला लावली, आणि दुपारपर्यंत गाव जगात परत आणलं. जावईबापू हल्ली पुण्यात असतात. ग्रामीण भागातल्या यशस्वी प्रयोगांवर व्याख्यानं देतात, असं ऐकते.

पुढच्या दोन वर्षांत उस्तादांनी एकेक घर करत खरे नवे पत्ते गावभर बसवले, जुन्यांच्या शेजारी. उद्घाटन नव्हतं, त्यामुळं कुणाला कळलंच नाही. गावाच्या समजुतीप्रमाणं आमच्याकडं अजून जुनंच चालू आहे.

त्या सहीवरून मला ते कधी काही बोलले नाहीत. फक्त एकदा, शाळेच्या देखभालीच्या कागदावर मी सही करत असताना, ते चहा पीत बघत होते. म्हणाले, "बाई, सही लई वळणदार हाय तुमची. बघून कुणी बी फसंल." कप खाली ठेवला आणि हसले. तेवढीच शिक्षा. ती मला पुरली आहे, अजून पुरते आहे. काचेची कपाटं आली. चांगली आहेत. त्यांच्याकडं बघितलं की मला पायरीवर पाठ करून बसलेला माणूस दिसतो.

मंगळवारनंतर तीन दिवस मुलं टाकीवर गेली. शुक्रवारी शबाना स्वतःहून शाळेत आली. वीज कमीजास्त झाल्यानं छतावरच्या पेटीत बिघाड झाला होता. ती वर चढली, मीही मागून चढले, पहिल्यांदाच. खांबावरच्या पेटीला ऊनपावसासाठी पत्र्याचं छोटं छप्पर केलेलं होतं. शबानानं ते उचललं. आतल्या बाजूला निळा रंग होता. हात जोडलेले आबा, हात न जोडलेले जावईबापू आणि पाच आकडे. उस्तादांच्या दारावर ठोकलेली पाटी.

"अब्बा म्हणले, पत्रा चांगला हाय, वाया कशाला घालवायचा," शबाना म्हणाली.

तिनं पेटी बदलली, दिवे लागले, छप्पर पुन्हा बसवलं. दिव्यांबद्दल ती काही बोलली नाही. खाली आली आणि सहा वाजेपर्यंत पायरीवर बसून राहिली. मुलं बोलू लागली, तिनं दोनचार आवाज ऐकले, मग पक्कड पिशवीत टाकली आणि घरी गेली.

मंदा आता सहावीत आहे. तिची आई याही वर्षी ऊस तोडायला गेली आहे. गावात बंद दारांवर निळ्या पाट्या आहेत, त्यांचे रंग उडालेत. शाळेच्या छतावर डिश आहे. सहा वाजता मुलं बोलतात, आणि पलीकडचे उत्तर देतात.